पाच हजारांत आधी काय घ्यावे? वेल्डिंग करणाऱ्या एका वाचकाला उत्तर

वाचकाचे पत्र : मी तेवीस वर्षांचा असून आयटीआयचा वेल्डर ट्रेड पूर्ण करून कराड तालुक्यात मामांच्या फॅब्रिकेशनच्या दुकानात काम करतो. गेट, ग्रिल, पत्र्याचे शेड, कधी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीची दुरुस्ती, असे आमचे काम असते. मशीन 200 अँपिअरचे इन्व्हर्टर आहे आणि रॉड बहुतेक 2.5 किंवा 3.15 मिलिमीटरचा. हातात धरायची काच आहे, पण टाके मारताना ती बाजूला ठेवून मी डोळे मिटून घेतो. महिन्यातून दोन-तीन रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होते. मग आई बटाट्याचे काप ठेवते आणि मेडिकलमधून आणलेला एक ड्रॉप घालते, त्याने लगेच बधिर होऊन बरे वाटते. मागच्या महिन्यात शेळ्यांच्या गोठ्यासाठी जीआय पाइप जोडले, त्या संध्याकाळी थंडी वाजून ताप आला. मामा म्हणतात, दूध-गूळ खा, पंचवीस वर्षांत मला काही झाले नाही. आमचा हेल्पर काम धरून तोंड फिरवतो, त्याला काच नाही. सुरक्षेच्या सामानासाठी मामांनी पाच हजार रुपये दिले आहेत. त्यात आधी काय घ्यावे? आणि डिझेलचे रिकामे बॅरल कापून द्यायला लोक येतात, ते काम घ्यावे का?

उत्तर : तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य पैशांविषयीचे नसून टाक्यांविषयीचे, म्हणजे तुकडे जागेवर धरून ठेवण्यासाठी मारलेल्या छोट्या जोडांविषयीचे आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. रात्री होणारी आग ही आर्कमधून, म्हणजे रॉड आणि लोखंड यांच्यात पेटणाऱ्या विजेच्या ज्योतीतून, निघणाऱ्या अतिनील किरणांनी बुबुळावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, भाजल्यामुळे होते. उन्हाने त्वचा भाजते तसाच हा प्रकार असून त्याचे दुखणे लगेच न जाणवता साधारणपणे सहा ते बारा तासांनी, बहुधा झोपेच्या वेळी, सुरू होते. त्यामुळे दिवसभरातल्या नेमक्या कोणत्या टाक्याने घात केला हे कळत नाही आणि 'एवढ्याशा टाक्याने काय होते' हा समज टिकून राहतो. प्रत्यक्षात दिवसभरातल्या छोट्या छोट्या चमकांची बेरीज होत असते. ग्रिलच्या कामात लांब शिवण थोडी आणि टाके मोजता येणार नाहीत इतके असतात, त्यामुळे तुमच्यासारख्याच्या डोळ्यांना मोठ्या जोडकामापेक्षा टाक्यांचाच जास्त मार बसतो. डोळे मिटण्याची युक्ती दोन कारणांनी फसते. एक तर रॉड नेमका कुठे टेकवायचा हे पाहण्यासाठी डोळा शेवटच्या क्षणापर्यंत उघडा ठेवावा लागतो आणि पापणी मिटण्याआधीच आर्क पेटलेला असतो. दुसरे म्हणजे डोळे मिटून मारलेला टाका सरकतो, तो पुन्हा मारावा लागतो आणि चमकांची संख्या वाढते. शिवाय चेहऱ्याची व मानेची कातडी उघडीच राहते.

आता घरगुती उपचारांविषयी. बटाट्याच्या कापाने गारवा मिळतो हे खरे. पण तोच गारवा स्वच्छ पाण्याच्या पट्टीने मिळतो, आणि आधीच भाजलेल्या डोळ्यावर कच्ची भाजी ठेवल्याने जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. तुमच्या आईंची माया समजते, परंतु बटाटा बंद करावा. बधिर करणारा ड्रॉप मात्र आजच फेकून द्यावा, कारण तो यांपैकी सर्वांत घातक आहे. असे औषध नेत्रतज्ज्ञ तपासणीपुरते वापरतात. ते वारंवार घातल्यास कॉर्नियाची जखम भरून येणे थांबते, डोळ्यात काही खुपत असले तरी जाणवत नाही, आणि जखम चिघळून दृष्टी कायमची अधू होऊ शकते. स्टेरॉइड असलेले ड्रॉपही डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घालू नयेत. डोळे न चोळता अंधाऱ्या खोलीत विश्रांती, गार पट्टी आणि डॉक्टरांनी सांगितलेले औषध एवढ्यावर हा त्रास सहसा एक ते दोन दिवसांत उतरतो.

येथे एक खूण लक्षात ठेवावी. वेल्डिंगची चमक लागली तर त्रास बहुधा दोन्ही डोळ्यांना होतो. एकाच डोळ्यात खुपत असेल तर ग्राइंडरचा किंवा स्लॅगचा (सांध्यावर साचणाऱ्या कडक खपलीचा) कण रुतला असण्याची शक्यता अधिक असते. असा लोखंडी कण काही तासांत गंजू लागतो आणि भोवती गंजाचे कडे तयार होते. दुकानातला अनुभवी माणूस रुमालाच्या टोकाने किंवा कापसाच्या वातीने असे कण काढून देतो, आणि त्या कौशल्याचे कौतुकही होते. परंतु रुतलेला कण काढण्याचे काम नेत्रतज्ज्ञाचेच आहे. दोन दिवसांत आराम पडला नाही, दिसायला अंधुक झाले किंवा पू येऊ लागला, तर त्याच दिवशी दाखवावे.

तेव्हा खरेदीत पहिला क्रमांक काचेचा, आणि तुमच्या कामाच्या बाबतीत मी आपोआप काळे होणाऱ्या हेल्मेटला चैन समजत नाही. हातात धरायची काच वाईट नसते. मात्र एक हात रॉड पकडणाऱ्या होल्डरमध्ये आणि दुसरा पट्टी धरण्यात गुंतला की ती धरायला तिसरा हात उरत नाही. साध्या काचेच्या हेल्मेटमध्ये प्रत्येक टाक्याला काच वर-खाली करावी लागते, त्याचा कंटाळा येऊन ते खुंटीवर जाते. सामान घेताना ते किती भारी आहे यापेक्षा संध्याकाळी सहापर्यंत डोक्यावर राहील का, हा प्रश्न विचारावा. आपोआप काळे होणाऱ्या हेल्मेटची काच एरवी गडदपणाच्या तीन किंवा चार क्रमांकाइतकी फिकट असते, त्यातून काम दिसते, आणि आर्क पेटताच सेकंदाच्या काही हजाराव्या भागाहूनही कमी वेळात ती गडद होते. तिच्यातील अतिनील आणि अवरक्त किरण अडवणारा थर कायमचा असतो. म्हणजे चांगल्या बनावटीच्या हेल्मेटची बॅटरी एखाद्या वेळी दगा देऊन गेली तरी डोळे दिपतील, पण हे अदृश्य किरण आत येणार नाहीत. मात्र ही खात्री प्रमाणित काचेपुरतीच आहे. म्हणून खोक्यावरची जाहिरात न पाहता काचेवरच युरोपीय ईएन 379 किंवा अमेरिकी झेड 87.1 असे मानक आणि क्रमांकांची मर्यादा कोरलेली किंवा छापलेली आहे का ते पाहावे. दोनऐवजी चार सेन्सर असलेले घ्यावे, कारण पाइपच्या कोपऱ्यात किंवा शेडच्या कैचीखाली काम करताना एखादा सेन्सर झाकला जातो आणि काच ऐनवेळी फिकट राहते. बॅटरी बदलता येत नसेल, तर कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नये.

काचेच्या क्रमांकाबद्दल बराच गोंधळ असतो. हा क्रमांक दिसणारा उजेड किती अडतो ते सांगतो. अतिनील किरण तर योग्य काचेने कोणत्याही क्रमांकावर अडवलेच पाहिजेत. 2.5 मिलिमीटरचा रॉड साधारण 60 ते 90 अँपिअरवर चालवता तेव्हा 10 क्रमांक पुरतो, 3.15 च्या रॉडला 10 किंवा 11, आणि 4 मिलिमीटरचा रॉड 160 अँपिअरच्या वर नेलात तर 11 ते 12 ठेवावा. आधी जास्त गडद क्रमांक लावून पाहावा आणि वितळलेल्या धातूचे तळे स्पष्ट दिसेपर्यंत एकेक क्रमांक खाली यावे. गॅस कटिंगचे हिरवे गॉगल 3 ते 5 क्रमांकाचे असतात. ते लावून आर्क पाहणे म्हणजे जवळजवळ उघड्या डोळ्यांनी पाहणे होय, आणि बाजारातले काळे फॅशनचे गॉगल तर या हिशेबात धरूच नयेत. काळ्या काचेच्या पुढची साधी पारदर्शक काच ठिणग्यांनी खडबडीत झाली की बदलावी, कारण ती धुरकट झाल्यावर माणूस नीट दिसावे म्हणून पुढे वाकतो आणि थेट धुरात तोंड घालतो. काळ्या काचेला केसाएवढी चीर गेली तरी ती काच बाद समजावी.

दुसरे हेल्मेट हेल्परसाठी, आणि ही खरेदी पुढच्या महिन्यावर ढकलू नये. तोंड फिरवणाऱ्यालाही पत्र्यावरून, पांढऱ्या भिंतीवरून परत येणारे किरण लागतात, शिवाय आर्कच्या बाजूची त्याची मान आणि कान उघडे असतात. त्याला साधे 10 किंवा 11 क्रमांकाचे हेल्मेट चालेल, कारण त्याला फक्त काम धरायचे असते. माझ्या मते पाच हजारांतून तुमच्यासाठी एक महागडे हेल्मेट आणि हेल्परला काहीच नाही, अशी विभागणी होणार असेल, तर दोघांना साधी हेल्मेटे घेतलेली बरी. 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या कलम 35 ने वेल्डिंगसारख्या कामात गॉगल किंवा पडदा पुरवण्याची जबाबदारी मालकावर टाकली होती. कामगारसंख्या कमी असल्याने लहान दुकाने अशा कायद्याबाहेर राहतात ही वेगळी गोष्ट. मामांना हे सांगताना भांडणाचा सूर नसावा, पण मोघमही बोलू नये. दुकान रस्त्याला लागून असेल तर शाळेतून येणारी मुले उभी राहून पाहत राहतात, त्यांच्यासाठी आर्कच्या बाजूने जाड ताडपत्रीचा आडोसा लावावा. ठिणग्या उडतात तितक्या अंतरावर मात्र ताडपत्री नको, कारण प्लॅस्टिकची असेल तर ती पेट घेते.

तिसरी वस्तू सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित असते : दोघांसाठी बाजूनेही झाकलेले पारदर्शक चष्मे, ज्यावर आयएस 5983 किंवा तत्सम मानक असेल. ते हेल्मेटच्या आत दिवसभर घालून ठेवावेत. हेल्मेट वर करून तुम्ही चिपिंग हॅमरने स्लॅग उडवता तोच क्षण डोळ्यात कण जाण्याचा असतो, आणि थंड होताना स्लॅग कधी कधी हातोडी न लावताही तडकून उडतो. ग्राइंडर चालवताना चष्म्यावरून फेस शील्डही लावावे आणि ग्राइंडरचे गार्ड काढून ठेवण्याची जी सर्वत्र रीत आहे ती तुमच्या दुकानात नसावी. कॉन्टॅक्ट लेन्स आर्कच्या उष्णतेने बुबुळाला चिकटतात ही जुनी अफवा आहे. ती खोटी आहे, मात्र धुळीच्या कामात लेन्सपेक्षा नंबरचा चष्मा आणि त्यावर सुरक्षा चष्मा हीच जोडी सोयीची.

आता तापाकडे वळू. जीआय पाइपवर जस्ताचा मुलामा असतो. आर्कच्या उष्णतेने जस्ताची वाफ होते, हवेशी संयोग पावून तिचा झिंक ऑक्साइडचा पांढरा धूर बनतो, आणि तो छातीत गेला की चार ते दहा तासांनी हुडहुडी, ताप, अंगदुखी, तोंडाला धातूची चव अशी लक्षणे येतात. ती बहुधा एक-दोन दिवसांत जातात, म्हणूनच दूध-गुळाला श्रेय मिळते. दूध आणि गूळ पोटात जातात, धूर फुप्फुसात गेलेला असतो. भूक भागवण्यासाठी ते जरूर घ्यावेत, उपाय म्हणून नव्हे. ताप न उतरता श्वास घ्यायला त्रास होऊ लागला, छातीत दाटून आले, तर ती रात्र घरी काढू नये, कारण कॅडमियमचा मुलामा असलेल्या जुन्या नटबोल्टचा धूरही सुरुवातीला अगदी अशीच लक्षणे दाखवतो आणि मग फुप्फुसे निकामी करतो. कशाचा मुलामा आहे हे ठाऊक नसलेला जुना भाग जाळू नये, हा नियम त्यातूनच आला आहे.

धुराच्या बाबतीत बहुतेक उपाय बिनपैशाचे आहेत, त्यामुळे मास्क घेण्याआधी ते करावेत. सांध्याच्या दोन्ही बाजूंनी अडीच ते पाच सेंटिमीटर भागातले जस्त घासून काढावे आणि तो भाग नंतर झिंकयुक्त रंगाने झाकावा, नाहीतर ग्राहकाचा गोठा तिथूनच गंजेल. हे घासणे मोकळ्यावर आणि मास्क लावून करावे. काम असे मांडावे की डोके धुराच्या वाटेत न येता बाजूला राहील, कारण हेल्मेट घातलेला माणूस सांध्यावर सरळ वाकला की धूर हनुवटीखालून आत शिरतो. पंखा पाठीमागून न लावता बाजूने लावावा; पाठीमागून आलेला वारा तुमच्या छातीपुढे भोवरा करून धूर तिथेच फिरवतो. उद्या सीओ-टू मशीन घेतलेत तर मात्र पंख्याचा जोराचा वारा सांध्यावरचा संरक्षक गॅस उडवून लावतो, तेव्हा तिथे हवा हळू आणि लांबून हवी. थिनर किंवा रंग लावलेला भाग पूर्ण वाळल्याशिवाय आणि घासल्याशिवाय त्यावर आर्क पेटवू नये. क्लोरीनयुक्त डिग्रीझरने पुसलेल्या भागाजवळ तर नाहीच, कारण आर्कच्या किरणांनी त्याच्या वाफेपासून फॉस्जीन हा प्राणघातक वायू तयार होतो.

हे सगळे करूनही धूर उरतोच. तोंडाला बांधलेला रुमाल धूळ थोडी अडवत असेल, वेल्डिंगचे कण त्याच्या विणीतून सहज जातात. आयएस 9473 मानकाचा एफएफपी-2 दर्जाचा, हेल्मेटखाली बसणारा चपटा मास्क घ्यावा, नाकावरची पट्टी दाबून बसवावी, आणि दाढी वाढवलेली असेल तर मास्क आणि गालाच्या फटीतून धूर आत येतो हे ध्यानात ठेवावे. हा मास्क कण अडवतो, वायू अडवत नाही. टाकीच्या आत किंवा बंद खोलीत त्याच्या भरवशावर उतरू नये. मामांना पंचवीस वर्षांत काही झाले नाही, याचा अर्थ त्यांना जाणवण्याजोगे अजून काही झालेले नाही इतकाच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2017 साली वेल्डिंगचा धूर आणि वेल्डिंगचे अतिनील किरण ही दोन्ही माणसात कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात घातली, आणि त्या गटात तंबाखूही आहे. स्टेनलेस स्टीलच्या धुरात षट्संयुजी क्रोमियम असते, म्हणून जिन्याच्या स्टील रेलिंगची कामे येऊ लागली तर धूर ओढून नेणाऱ्या पंख्याचा विचार तेव्हा करावा लागेल.

कपड्यांसाठी वेगळे पैसे लागत नाहीत. पॉलिएस्टरचा शर्ट ठिणगीने वितळून कातडीला चिकटतो, म्हणून जाड सुती पूर्ण बाहीचा शर्ट वापरावा, गळ्याचे बटण लावावे, पँट दुमडू नये, आणि तिचा घेर बुटाच्या बाहेर असावा, आत नव्हे. खिशात लायटर ठेवू नये. चपला घालून वेल्डिंग करणे आपल्याकडे इतके सर्रास आहे की त्यावर कोणी बोलतही नाही. आयएस 15298 चे बूट दोघांनाही घ्यावेत, पाच हजार पुरले नाहीत तर पुढची पहिली खरेदी हीच. हातमोजे कातड्याचे, मनगटाच्या वर येणारे घ्यावेत आणि तुमच्यासाठी दोन जोड असावेत, याचे कारण चटक्यांपेक्षा विजेचे आहे.

आर्क पेटलेला नसताना होल्डर आणि कामाच्या तुकड्यात साधारणपणे 50 ते 80 व्होल्ट असतात. कोरड्या माणसाला ते फारसे जाणवत नाहीत, पण घामाने भिजलेला हातमोजा, ओला शर्ट आणि पावसाळ्यात ओल्या मातीवर टेकलेला गुडघा एकत्र आले की तेवढे व्होल्ट जीव घ्यायला पुरतात, आणि असे प्रसंग बहुधा रॉड बदलताना घडतात. म्हणून दुपारी मोजे बदलून कोरडे घालावेत, कोरड्या फळीवर बसावे, होल्डर काखेत धरू नये, फुटलेला होल्डर टेप गुंडाळून चालवू नये. ईएलसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, मशीनकडे येणाऱ्या लाइनवरचा दोष पकडतो आणि तो बसवायलाच हवा. परंतु होल्डरच्या बाजूने बसलेला धक्का त्याला दिसतच नाही, कारण ते मंडल मशीनच्या आत वेगळे झालेले असते. दुकानात ज्याला आपण अर्थिंग म्हणतो तो क्लॅम्प सांध्याच्या शक्य तितक्या जवळ लावावा आणि मशीनच्या बॉडीचे खरे अर्थिंग त्याहून निराळे करून घ्यावे. पुढे मशीन बदलाल तेव्हा काम थांबताच व्होल्ट खाली आणणारी व्हीआरडी सोय असलेले घ्या.

राहिला बॅरलचा प्रश्न, आणि त्याचे उत्तर नाही असेच आहे. भरलेल्या बॅरलपेक्षा 'रिकामे' बॅरल जास्त धोक्याचे असते, कारण तळाशी आणि शिवणीत राहिलेल्या डिझेलची उष्णतेने वाफ होते, ती आतल्या हवेत मिसळते आणि सगळे बॅरलच स्फोटक बनते. साबणाने धुतले, चार दिवस उन्हात ठेवले, झाकण उघडे आहे, यांपैकी कोणतीही सबब ती शिवणीतली वाफ काढत नाही. रसायने किंवा कीटकनाशकांचे पिंप, स्कूटरची पेट्रोल टाकी यांनाही तोच नियम लावावा. तुमच्याकडे ट्रॉल्या येतात म्हणून आणखी एक सांगतो : टायर चढवलेल्या रिमवर वेल्डिंग कधीही करू नये. हवा सोडलेली असली तरी आतले रबर तापून त्यातून ज्वलनशील वायू निघतात आणि टायर बॉम्बसारखा फुटतो. आधी टायर रिमवरून पूर्ण उतरवून आणायला सांगावे, आणि ग्राहक घाई करत असेल तर पंक्चरवाल्याचे दुकान दाखवून द्यावे. शेतावर जाऊन काम करताना ठिणग्या दहा मीटरपर्यंत जातात असे धरून तेवढ्यातला पाचट, कडबा आणि कोरडे गवत बाजूला करावे, वाळूच्या दोन बादल्या जवळ ठेवाव्यात, आणि काम संपल्यावर निदान अर्धा तास तिथेच थांबून राखेत काही धुमसत नाही ना, हे पाहून मगच मशीन गाडीत चढवावे.